आजारी मांजराचा इमर्जन्सी खर्च कसा झेपवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजरं पाळणाऱ्या आणि वाचवणाऱ्या माणसांकडून मला सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे रात्री उशिरा येतात, सोबत दवाखान्याच्या एस्टिमेटचा फोटो असतो. आकडे शहरातल्या खासगी दवाखान्यांचे आणि ढोबळ आहेत. गाव, वेळ आणि दवाखाना यांप्रमाणे ते बदलतात. मांजराची तब्येत आत्ता गंभीर वाटत असेल तर फक्त प्रश्न १ आणि ३ वाचा आणि निघा. बाकीचं रिक्षात वाचता येईल.

१. मांजर मलूल पडलंय, जेवत नाही. आत्ता रात्रीच न्यायचं की सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका. तोंड उघडं ठेवून धाप लागणं. बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये (शू-शीच्या वाळूच्या ट्रेमध्ये) बसतोय, कण्हतोय आणि शू होत नाही. मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडले. झटके येतायत. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसतायत. उंचावरून पडलंय, मग वरून जखम दिसो न दिसो. उंदराचं औषध, माणसांची गोळी किंवा लिलीचं फूल-पान पोटात गेलंय. लहान पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झालेत.

श्वास घरी मोजता येतो. मांजर झोपलेलं किंवा शांत असताना छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. तीसपर्यंत ठीक. चाळीसच्या वर सतत जात असेल तर निघा.

नुसतं जेवत नसेल, पण पाणी पितंय, शू करतंय, हाक मारल्यावर बघतंय, तर बहुतेक वेळा सकाळची वाट पाहता येते. मात्र मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी दाखवा. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते. मग मूळ आजार किरकोळ असला तरी नळीने भरवत आठवडे काढावे लागतात. रात्रीची जादा फी वाचवताना हा हिशोब विसरू नका.

२. साधारण किती खर्च येतो? आधी अंदाज असला तर बरं पडेल.

तपासणी फी साधारण ५०० ते १,००० रुपये, रात्री त्याच्या दीडपट-दुप्पट. रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात किडनी आणि लिव्हर धरून, दीड ते तीन हजार. एक्स-रे हजाराच्या आसपास, सोनोग्राफी त्याहून थोडी जास्त. ॲडमिट केलं की दिवसाला दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत काहीही, आणि ऑक्सिजन किंवा आयसीयू लागलं तर त्याच्याही वर. मोठं ऑपरेशन असेल तर पंधरा हजारांच्या खालचं एस्टिमेट शहरात क्वचित दिसतं.

एस्टिमेट हातात आलं की ओळ न ओळ वाचा. ‘ॲडमिशन चार्जेस’मध्ये सलाईन आणि इंजेक्शनं धरली आहेत की ती वेगळी लागणार, हे विचारा. रक्ततपासणी एकदाच आहे की रोज, हेही. आणि एक प्रश्न हमखास विचारा: रात्री डॉक्टर स्वतः हजर असतात का? अनेक दवाखान्यांत रात्री फक्त अटेंडंट असतो. मांजराला रात्रभर नजरेखाली ठेवायची खरी गरज असेल, तर डॉक्टर नसलेल्या जागी रात्रीचे पैसे भरून फार काही साधत नाही. आणि तशी गरज नसेल, तर ते घरी का राहू शकत नाही, असं विचारायला हरकत नाही (प्रश्न ९ बघा).

३. खिशात दोन-तीन हजारच आहेत. एवढ्यात काही होणार नाही म्हणून जायलाच संकोच वाटतो. जाऊ का?

जा. या सगळ्या पानात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: पैशाचं पहिल्याच मिनिटाला बोला. मांजर टेबलावर ठेवलं की म्हणा, “डॉक्टर, माझ्याकडे आज तीन हजार आहेत. यात आधी काय केलंच पाहिजे, आणि काय थांबू शकतं?”

हे वाक्य उच्चारायला जड जातं. आपल्याकडे दवाखान्यात पैशाचा विषय काढणं म्हणजे मायेत खोट असल्यासारखं वाटतं. म्हणून लोक मान डोलावतात, सगळ्याला हो म्हणतात आणि बिलाच्या खिडकीशी येऊन कोसळतात. किंवा त्याहून वाईट, घरीच थांबतात. आकडा माहीत असलेला डॉक्टर त्या आकड्यात बसणारा उपचार आखू शकतो. आकडा माहीत नसलेला डॉक्टर सर्वोत्तम काय ते लिहितो, आणि ते त्याचं कामच आहे.

तीन हजारांत वेदनाशामक, सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि एखादी नेमकी तपासणी होऊ शकते. अनेक मांजरं तेवढ्यावर सावरतात. जी सावरत नाहीत त्यांचं निदान काय आहे हे तरी कळतं, आणि पुढचे पैसे कशासाठी उभे करायचे ते ठरवता येतं.

४. डॉक्टरांनी पाच तपासण्या लिहून दिल्यात. सगळ्या लागतातच का?

कधी लागतात, कधी नाही. डॉक्टर लुबाडतायत असं गृहीत धरून विचारू नका, पण विचारा जरूर. चांगला प्रश्न हा: “या तपासणीचा रिपोर्ट आला तर उपचार बदलणार आहे का?” बदलणार असेल तर ती आधी करा. रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच द्यायचं असेल, तर ती मागे ठेवता येते.

उदाहरण देते. शू तुंबलेल्या बोक्यात रक्तातलं पोटॅशियम किती आहे, यावर हृदय बंद पडण्याचा धोका ठरतो. ती तपासणी वाचवू नका. पण त्याच बोक्याची पहिल्याच दिवशी लघवीची कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायची का, हे बोलून ठरवता येतं.

आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर न्या. दवाखाना बदलला आणि जुने कागद घरी राहिले की कालचीच रक्ततपासणी आज पुन्हा होते.

५. कमी खर्चाचा उपचार मागितला तर मांजरावर अन्याय होत नाही का?

नाही. एकाच आजाराला उपचारांच्या अनेक पायऱ्या असतात आणि वरची पायरी परवडत नसेल तर खालची म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. अन्याय होतो तो काहीच न करण्यात, किंवा पहिल्या दिवशी सगळे पैसे तपासण्यांवर संपवून दुसऱ्या दिवशी औषधाला न उरण्यात.

फक्त एक गोष्ट कुठल्याही पायरीवर कापू नका: वेदना कमी करणारं औषध. मांजर दुखणं लपवतं. ते ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका.

६. बोक्याची शू अडकली आहे. डॉक्टर म्हणतात नळी घालून तीन दिवस ॲडमिट ठेवा, वीस-पंचवीस हजार होतील. दुसरा मार्ग आहे का?

आधी तातडी समजून घ्या. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे, कण किंवा चिकट स्रावाचा बोळा त्यात अडकतो, मूत्राशय टणक होतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. यात घरगुती इलाज नाही. बार्लीचं पाणी, गोखरू, पोट दाबून शू काढणं यातलं काही करू नका. दाबल्याने तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.

आता पैसे. उत्तम उपचार म्हणजे भूल देऊन अडथळा काढणं, नळी दोन-तीन दिवस ठेवणं, सलाईन आणि रक्तावर लक्ष. हे परवडत असेल तर हेच करा, कारण नळी लवकर काढली की पुन्हा तुंबण्याची शक्यता वाढते.

परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: भूल देऊन अडथळा काढून, मूत्राशय रिकामं करून, सलाईन आणि वेदनाशामक देऊन संध्याकाळी घरी नेता येईल का? बोका लवकर आणला असेल आणि पोटॅशियम आटोक्यात असेल तर काही डॉक्टर हे करतात. यात धोका जास्त आहे. घरी नेल्यावर दर काही तासांनी लिटर तपासायचं, शूचे गोळे मोजायचे, आणि पुन्हा थांबली तर तसंच परत निघायचं. म्हणून हा मार्ग घेताना परत यायचे पैसे बाजूला ठेवूनच घ्या.

पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर मूत्रमार्ग रुंद करण्याचं ऑपरेशन असतं. ते महाग आहे, पण तिसऱ्यांदा नळी घालायची वेळ आली की दोन्ही खर्च शेजारी मांडून बघा. पुढे ओलं खाणं, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं लघवीचं खास फूड यांनी धोका कमी होतो. नुसत्या कोरड्या फूडवर ठेवू नका.

७. सरकारी किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात मांजर बघतात का? कुठे जाऊ?

बघतात. सगळ्यात भरवशाचा पर्याय म्हणजे पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं. मुंबईत परळला, पुण्याहून साधारण पन्नास किलोमीटरवर शिरवळला, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीरला ही महाविद्यालयं आहेत. अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. ती सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. केस पेपरचे पैसे नाममात्र आणि तपासण्या खासगीपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात. रांग लागते, विद्यार्थी बघतात आणि प्राध्यापक तपासतात. मला तर त्यात फायदाच दिसतो, कारण एका मांजराकडे चार डोकी लक्ष देतात. अडचण वेळेची आहे: ओपीडी ठरावीक तासच चालते, सुट्टीच्या दिवशी काय व्यवस्था आहे ते फोन करून विचारा.

परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, १८८० च्या दशकापासूनचं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ च्या जुलैत सुरू झालं. ट्रस्टचं म्हणजे फुकट असं धरून जाऊ नका. दर आधी विचारा.

तालुक्याच्या गावी पशुसंवर्धन खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय. तिथलं काम मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचं, त्यामुळे मांजराची बारीक सुई किंवा नळी नसण्याची शक्यता असते. पण सलाईन, अँटिबायोटिक आणि जखमेचे टाके यासाठी जरूर जा. १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे; तोही प्रामुख्याने जनावरांसाठी आहे, तरी खेड्यात जवळचे डॉक्टर कोण हे कळायला उपयोगी पडतो.

८. औषधं फार महाग पडतात. मेडिकलमधून स्वस्तात मिळतील का?

बरीचशी मिळतात. मांजरांना दिली जाणारी अनेक औषधं माणसांचीच असतात: उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन, ॲसिडिटीला पँटोप्राझोल, फुप्फुसातलं पाणी कमी करायला फ्युरोसेमाइड, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसारखी अँटिबायोटिक्स, रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली. डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, ताकद आणि मांजराच्या वजनाप्रमाणे डोस लिहून द्यायला सांगा. तो कागद घेऊन जनऔषधी केंद्रात जा. तिथे जेनेरिक मिळतं आणि बिलात डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो.

अट एकच. डोस डॉक्टरांचा, अंदाज आपला नाही. चार किलोच्या जिवाला पाव गोळीसुद्धा जास्त होऊ शकते, आणि काही पातळ औषधांत मांजराला न चालणारे घटक किंवा अल्कोहोल असतं. म्हणून दुकानदाराने “हेच आहे, सिरपमध्ये” म्हटलं तरी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका.

आणि घरातली तापाची गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे, मांजराला विष आहे. एका गोळीने मांजर मरतं. ती चुकून दिली गेली असेल तर लपवू नका, किती आणि कधी ते डॉक्टरांना लगेच सांगा. त्यावर उतारा आहे आणि तो लवकर द्यावा लागतो. कुत्र्यासाठीचं गोचिडांचं औषधही मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येतात आणि वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांपायी थेट आयसीयूचं बिल होतं.

९. ॲडमिट न करता घरी सलाईन देता येईल का?

अनेकदा हो. किडनीचं दुखणं, सर्दी-तापाने आलेला अशक्तपणा, जुलाबानंतरचं सुकणं यांत डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झालेली जागा बघून सुई सरकवायची आणि बाटली उंच टांगायची. तिथे उंचवटा येतो, खाली पायाकडे लोंबतो आणि काही तासांत जिरतो; घाबरू नका. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करा. व्हिडिओ बघून घरी पहिला प्रयोग नको.

किती मिली, कुठलं सलाईन, किती वेळा, हे लिहून घ्या. हृदयाचं दुखणं असेल तर हा मार्ग नाही. जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं. धाप, झटके, तुंबलेली शू, विषबाधा यांतही घरचं सलाईन ॲडमिशनला पर्याय नाही.

काही जण मधला मार्ग काढतात: दिवसभर दवाखान्यात, रात्री घरी. हाताला लावलेली सुई तशीच ठेवून, पट्टी बांधून देतात. डॉक्टर रात्री नसतील अशा दवाखान्यात मला हा पर्याय पटतो.

१०. आज रात्रीत दहा-पंधरा हजार उभे करायचे आहेत. कुठून करू?

आधी जवळची माणसं. एकाकडे पंधरा हजार मागण्यापेक्षा दहा जणांना दीड-दीड हजार उसने मागणं सोपं असतं, आणि परत करणंही. ऑफिसात पगारावर उचल मिळते का बघा. भिशी चालू असेल तर या महिन्याचा नंबर बदलून मागा. आजारपणासाठी बायका एकमेकींना नंबर देतात, मांजराचं नाव सांगायला लाजू नका.

क्रेडिट कार्ड चालेल, पण दवाखान्यात मशीन फिरवताना ईएमआयची सोय आहे का ते विचारा. नुसतं बिल पुढे ढकललं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वीस हजारांवर महिन्याला सातशे रुपये, वर जीएसटी, आणि मुद्दल तिथेच. रक्कम मोठी असेल तर बँकेचं किंवा पतसंस्थेचं सोनंतारण कर्ज त्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि त्याच दिवशी मिळू शकतं.

फोनवरची झटपट कर्जाची ॲप्स टाळा. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण, हे ॲपवर स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि ते तुमचे कॉन्टॅक्ट मागत असेल तर तिथेच थांबा.

११. ऑनलाईन मदत मागायची आहे. लोक देतील का? फसवणूक समजतील अशी भीती वाटते.

देतात, पण अनोळखी माणूस पैसे पाठवण्याआधी खात्री शोधतो, आणि ती आपण द्यायची. मांजराचा आजचा फोटो, दवाखान्याच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट, आतापर्यंत भरलेलं बिल, आणि शक्य असेल तर थेट दवाखान्याचा यूपीआय क्यूआर. दवाखान्याला आधी सांगून ठेवा की अमुक नावाच्या मांजराच्या खात्यात लोक पैसे पाठवतील. तुमचा घरचा पत्ता आणि बँकेचे पूर्ण तपशील टाकू नका.

किती हवेत ते नेमकं लिहा. “जमेल तेवढी मदत करा” पेक्षा “एकूण १८,०००, माझे ९,००० भरले, ९,००० हवेत” याला प्रतिसाद लवकर येतो. रक्कम पुरी झाली की पोस्टवर तसं लिहून मदत थांबवा. मांजर गेलं तरी कळवा, शेवटचं बिल टाका, उरलेले पैसे दवाखान्यातल्या दुसऱ्या मांजराकडे वळवले तर तेही सांगा. पुढच्या माणसावर लोक विश्वास ठेवतील की नाही, हे यावर ठरतं.

कुणा एका व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला देणगीची करसवलत मिळत नाही. ती फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर असते.

१२. मांजराचा विमा काढता येतो का? आजारी पडल्यावर काढला तर?

काढता येतो. आपल्याकडे आधी कुत्र्यांचा विमा आला, मांजरांचा अलीकडे. पण आजारी पडल्यावर काढून उपयोग नाही: आधीपासूनचा आजार धरत नाहीत आणि पॉलिसी सुरू झाल्यावरही काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. घेण्याआधी वयाची मर्यादा, लसीकरणाची अट, ओळख पटवण्यासाठी मायक्रोचिप लागते का, आणि दाव्यातला किती भाग तुम्ही सोसायचा, हे वाचा. पैसे बहुधा आधी तुम्ही भरायचे आणि नंतर परत मिळतात. म्हणजे विमा असला तरी त्या रात्रीचा प्रश्न उरतोच (प्रश्न १०).

१३. बिलात तपासणी फीवर जीएसटी लावलाय. बरोबर आहे का? आणि हा खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो का?

प्राण्यांच्या आरोग्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेली सेवा जीएसटीतून मुक्त आहे. तपासणी, ॲडमिशन, ऑपरेशन यावर कर लावला असेल तर शांतपणे विचारा. दुकानासारखी विकलेली औषधं, फूड, लिटर, ग्रूमिंग यावर कर लागतो, त्यामुळे एकत्र बिल असेल तर फोड मागा.

इन्कम टॅक्समधली आरोग्यखर्चाची सवलत स्वतः, जोडीदार, मुलं आणि आई-वडील यांच्यापुरती आहे. मांजर त्यात बसत नाही.

१४. पूर्ण बिल भरल्याशिवाय मांजर देणार नाही असं दवाखाना म्हणतो. काय करू?

भांडायच्या आधी मोठ्या डॉक्टरांशी बोला, काउंटरवरच्या मुलाशी नाही. आज किती भरू शकता, उरलेले कुठल्या तारखांना, हे कागदावर लिहून द्या आणि आधार कार्डाची प्रत जोडा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर तोडगा निघतो. बिल वाढतंय असं दिसलं की रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचा आकडा विचारत जा, म्हणजे ही वेळ शेवटच्या दिवशी एकदम येत नाही.

बिल परवडत नाही म्हणून मांजर तिथेच सोडून फोन बंद करू नका. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पुढच्या माणसाला उधारी देताना तो दवाखाना तुमची आठवण काढतो.

१५. उपचारात चूक झाली आणि मांजर गेलं असं वाटतं. तरी बिल भरायचं का? तक्रार कुठे करतात?

मांजर वाचलं नाही म्हणजे चूक झालीच असं नसतं. मागचे पाय लुळे पडलेल्या किंवा उशिरा आणलेल्या मांजरांत उत्तम उपचारही हरतात. झालेल्या उपचाराचं बिल देणं लागतं. पण केस पेपर, रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची यादी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना ते दाखवा. निष्काळजीपणा आहे असं त्यांनाही वाटलं, तर डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. शवविच्छेदन करायचं असेल तर ते त्याच दिवशी, पुरण्याआधी. पशुवैद्यक महाविद्यालयात होतं.

१६. सोसायटीतलं मांजर गाडीखाली आलं. मी उचलून नेलं. आता सगळं बिल माझ्यावरच का?

ज्याने आणलं त्याच्याकडेच दवाखाना बघतो, म्हणून दारातच सांगा: “हे रस्त्यावरचं आहे, मी आणलंय, माझी मर्यादा एवढी.” बरेच डॉक्टर बेवारस प्राण्यासाठी फी कमी करतात, खोटं सांगून घरच्या मांजराला बेवारस म्हणू नका, तो दरवाजा मग खऱ्या बेवारसांसाठी बंद होतो. संस्थांना फोन करा, पण त्यांच्याकडे जागा आणि पैसे दोन्ही कमी असतात. त्यांनी ‘आम्ही खर्च देऊ’ म्हणेपर्यंत तो तुमचाच धरा. सोसायटीच्या ग्रुपवर बिल टाका. रोज दूध घालणारे चार जण असतात, त्यातले दोन तरी वाटा उचलतात.

खोलीत चार मित्रांनी मिळून एक मांजर पाळलंय, अशांनाही हेच: कोण किती देणार हे आजच ठरवा आणि दरमहा थोडे पैसे एका खात्यात टाका. खोली सोडताना मांजर कुणाचं, हेही.

१७. घरचे म्हणतात, “मांजरावर एवढे पैसे? दुसरं आणता येईल.” काय सांगू?

घरात पैसे खरंच तंग असतील तर घरच्यांचं म्हणणं निर्दयी नाही, ते घर चालवणाऱ्यांचं म्हणणं आहे. मायेवर वाद घालू नका, आकडा सांगा. “मी माझ्या पगारातले आठ हजार घालणार आहे, त्याच्या वर जाणार नाही, किराण्याला हात लावणार नाही.” मर्यादा ऐकली की घरचे बहुधा गप्प होतात, आणि ती मर्यादा तुम्हालाही लागतेच. मात्र दागिने लपून गहाण ठेवणं, मुलाची फी वळवणं हे करू नका.

१८. उपचार परवडत नाहीत म्हणून मांजराला शांत मरण द्यावं का? मी खुनी ठरेन का?

नाही, ठरणार नाही. पण तिथे पोचण्याआधी तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. पूर्ण पैसे असते तर बरं होण्याची शक्यता किती होती? कमी खर्चात, पूर्ण बरं नाही तरी वेदनेशिवाय काही काळ जगेल का? बरा होणारा आजार असेल तर उपचाराची जबाबदारी घेऊन दत्तक घेणारं कुणी आहे का? बरा होणारा आजार असेल आणि चार-पाच दिवसांत पैसे जमणार असतील तर घाई करू नका; तोवर वेदनाशामक चालू ठेवा.

आजार बरा होणारा नसेल, किंवा मांजर तडफडतंय आणि मार्ग उरला नाही, तर घरी उपाशी मरू देण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी दयाळू आहे. आधी भुलीचं इंजेक्शन देतात का ते विचारा, द्यायलाच सांगा. हे काम फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाचं आहे. तुम्ही जवळ थांबू शकता. थांबणं झेपणार नसेल तर ज्याच्या अंगावर ते खेळायचं अशा दुसऱ्या कुणाला थांबवा. मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. इतर शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारा.

१९. एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणारा जीवघेणा आजार) निघाला. औषध आहे म्हणतात, पण तीन महिने चालतं. सुरू करू का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा आजार म्हणजे शेवटच होता. आता जीएस-४४१५२४ आणि रेमडेसिव्हिर या औषधांनी बहुतेक मांजरं बरी होतात. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा असतो आणि डोस वजनावर ठरतो, त्यामुळे पिल्लू वाढत गेलं की खर्चही वाढत जातो. हा वाढीव हिशोब पहिल्याच दिवशी करा. पूर्ण कोर्सचे पैसे दिसत नसतील तर डॉक्टरांशी इंजेक्शनऐवजी लवकर गोळीवर जाणं, किंवा मोलनुपिराव्हिरसारखा स्वस्त पर्याय, यावर बोला. कोर्स पूर्ण केलेल्यांकडे औषध उरलेलं असतं, तेही विचारा, पण ते डॉक्टरांना दाखवूनच वापरा. पैसे संपले म्हणून मध्येच थांबवणं सगळ्यात महागात जातं, कारण आजार उलटला की पुन्हा जास्त डोसने सुरुवात करावी लागते.

२०. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून आत्ता काय करू?

नसबंदी. माद्यांच्या गर्भाशयात पू होण्याचं ऑपरेशन नसबंदीच्या कितीतरी पट महाग असतं, आणि तेही रात्री-अपरात्री. पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि संस्थांच्या शिबिरांत नसबंदी स्वस्तात होते. मग ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन विषाणूंवरची) लस: पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की सुरू, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, मग वर्षाने. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी. शिवणाचा दोरा, सुई, मांजा उचलून ठेवा. गिळलेल्या दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून दिसलं तर ओढू नका, आतडं कापलं जातं. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरात आणू नका. फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी किडनी जाते.

आणि दरमहा पाचशे रुपयांचं वेगळं आवर्ती खातं, मांजराच्या नावाने. वर्षाला सहा हजार. तुंबलेल्या बोक्याला पहिल्या रात्री वाचवायला बहुधा तेवढे पुरतात.

२१. एकाच वेताच्या चार पिल्लांना उलट्या-जुलाब सुरू झालेत. चौघांची तपासणी परवडत नाही. एकालाच वाचवू का?

कुणाला निवडू नका, पैसे वेगळ्या पद्धतीने वाटा. पॅनल्यूकोपेनियाचा (पार्व्होच्या जातीच्या विषाणूने मांजरांना होणाऱ्या आजाराचा) संशय असेल तर टेस्ट एकाच पिल्लाची करा, सगळ्यात आजारी असलेल्याची. ती पॉझिटिव्ह आली की बाकीच्यांनाही तेच धरून उपचार करतात. यासाठी कुत्र्यांच्या पार्व्होची टेस्ट किट चालते आणि ती लहान दवाखान्यातही असते.

उपचार मुख्यतः सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक आणि ऊब हाच असतो. एक-दोन पिल्लं जास्त खालावली असतील तर त्यांना ॲडमिट करा आणि बाकीच्यांना घरी कातडीखाली सलाईन द्या (प्रश्न ९). गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग खाणं. सगळी पिल्लं घरातल्या इतर मांजरांपासून वेगळी ठेवा, कपडे आणि भांडी वेगळी, आणि लादी ब्लीचने पुसा: एक भाग घरगुती ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओली ठेवून मग धुवायची. मांजर तिथे परत सोडण्याआधी लादी पूर्ण वाळू द्या. फिनेल वापरू नका, ते मांजरांना विषारी आहे. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, म्हणून लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू तोवर आणायचं नाही.